गाल फुगवून घालवलेली दोन वर्षं

माझ्या सासऱ्यांना माझी बासरी आवडते की नाही, हे लग्नाला आठ वर्षं होऊन गेली तरी मला कळलेलं नव्हतं. आवडत नसती तर त्यांनी सांगितलं असतं, एवढं नक्की. न आवडलेली गोष्ट सांगायची राहून गेली, असं त्यांच्या आयुष्यात कधी घडलं नसावं. आमटी पातळ झाली की "आज मुठेला पूर आलेला दिसतोय" म्हणायचे. पाहुणे जरा जास्त वेळ टेकले की त्यांच्यादेखत मला विचारायचे, "सूनबाई, यांची अंथरुणं कुठे घालणार आहेस?" आवडलेल्या गोष्टीच्या बाबतीत मात्र तोंडाला कुलूप. पुरणपोळी जमली आहे, हे त्यांनी तिसरी मागून घेतली की समजायचं. बासरी काही तिसरी मागून घेता येत नाही. त्यामुळे मी आठ वर्षं चाचपडत होते आणि मनातल्या मनात चिडत होते.

मी त्यांना मामंजी म्हणायचे. शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झालेले, पण खरा व्यासंग गाणं ऐकण्याचा. पन्नास वर्षं त्यांनी पुण्यातली चांगली मैफल म्हणून सोडली नव्हती. मग दम्यानं गाठलं. आमचा फ्लॅट पर्वतीच्या पायथ्याशी, दुसऱ्या मजल्यावर, आणि लिफ्ट नाही. ते जिने चढताना त्यांना तीनदा थांबावं लागे, आणि तिसऱ्यांदा थांबल्यावर ते बिल्डरच्या सात पिढ्यांचा उद्धार करत. शेवटी त्यांनी खाली उतरणंच बंद केलं. मैफिली संपल्या. रेडिओ लावून दिला तर म्हणायचे, "बंद कर तो. गाणारा समोर नको का?"

राहता राहिले मी. कॉलेजात असल्यापासून बासरी शिकले होते. ऑफिसातून साडेसहाला घरी यायचं, चहा टाकायचा आणि कुकर लावायच्या आधी अर्धा तास वाजवायला बसायचं, हा माझा नेम. मामंजी गॅलरीच्या दाराशी वेताच्या खुर्चीत डोळे मिटून बसत. मी बासरी पुसून ठेवली की डोळे उघडून विचारत, "भाजी कसली आहे?"

मला त्यांच्या तोंडून एक 'वा' हवी होती. एकच. ऑफिसात मी भल्याभल्या साहेबांना भीक घालत नसे, आणि घरी या हाडकुळ्या म्हाताऱ्याच्या एका अक्षरासाठी जीव टाकत होते. याचाच मला जास्त राग यायचा.

एका संध्याकाळी मी यमन वाजवत होते. छान चाललं होतं, निदान मला तसं वाटत होतं. मामंजींनी डोळे उघडले आणि अगदी शांतपणे म्हणाले, "तुझी बासरी पॅसेंजर गाडी आहे. दिसेल त्या स्टेशनावर थांबते."

ते काय म्हणत होते ते मला पक्कं कळलं. बासरीला हवा फार लागते. सुरांचं वाक्य पुरं व्हायच्या आत छातीतली हवा संपते आणि मग श्वास मध्येच कुठेतरी घ्यावा लागतो. ऐकणाऱ्याच्या लक्षात येऊ नये असा पटकन घ्यायचा. गाणारे त्याला श्वास चोरणं म्हणतात. मी या चोरीत कायमची कच्ची. पोळी भाजताना बोटाला चटका बसला की जसा 'स्स्' निघतो, तसा माझा श्वास. चोरी व्हायच्या आधी चोरच ओरडून सांगतोय, अशी गत.

त्या रात्री मी जेवले नाही. नवरा म्हणाला, "बाबा सगळ्यांनाच बोलतात." हे सांत्वन होतं म्हणे.

त्यानंतर महिन्याभरात सासरकडचं एक लग्न होतं. पंगत बसली. वरणभात वाढला तेव्हा कार्यालयाच्या दारावरच्या गच्चीतून सनईचा एक सूर सुरू झाला. मसालेभात आला तरी तो चालूच. मध्ये श्वास नाही, खाच नाही, काही नाही. मला वाटलं, कॅसेट लावली असणार. कार्यालयांमधून तेव्हा ती टूम निघालीच होती. पण कॅसेटला खरखर असते. जिलबी पानात पडायच्या बेतात होती आणि मी भरल्या पानावरून उठले. पंगतीतून असं उठणं म्हणजे काय, हे ज्यांना माहीत आहे त्यांना माहीत आहे. नवऱ्याच्या मावशीनं पुढे दोन दिवाळ्या मला फराळाला बोलावलं नाही.

वर गच्चीत पन्नाशीचा एक माणूस मांडी घालून सनई वाजवत होता. पांढरा सदरा, टोपी, आणि गाल असे फुगलेले की दोन्हीकडे लिंबं धरली आहेत. मी समोर उभी राहून टक लावून बघत राहिले. नाकपुड्या किंचित हलायच्या, गाल किंचित बसायचे, सूर तसाच. त्यांनी सनई खाली घेतल्यावर मी नमस्कारही न करता विचारलं, "तुम्ही श्वास कधी घेता?"

"घेतो की," ते म्हणाले. "न्हाई घेतला तर मरंल की माणूस."

विश्रांतवाडीच्या पुढे त्यांचं गाव होतं, महापालिकेच्या हद्दीत नुकतंच आलेलं. थोडी शेती, लग्नसराईत सनई. सगळे त्यांना वस्ताद म्हणत. मी म्हटलं, मला हे बासरीवर शिकायचं आहे. त्यांनी आधी माझ्या साडीकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि म्हणाले, "बासरीवर? आन् कशापायी?"

सासऱ्यांनी पॅसेंजर म्हटलं म्हणून, असं काही मला सांगता आलं नाही. मी म्हटलं, "आवड आहे."

"रविवारी या," ते म्हणाले.

माझे बासरीचे गुरुजी तेव्हा मुलाकडे परगावी राहायला गेले होते. त्यांना पत्र लिहून कळवलं. त्यांचं एका ओळीचं पोस्टकार्ड आलं: 'गारुड्याप्रमाणे नाग बाहेर काढावयाचा असल्यास अवश्य शिकावे.'

तर रविवार. टीव्हीसमोर सगळं पुणं आंघोळ करून बसलेलं असायचं आणि मी स्वारगेटला बसची वाट बघत उभी. बस आलीच तर ती येरवड्यापर्यंत बरी जायची आणि पुढे आळंदी रस्त्याला लागली की वराती, ट्रॅक्टर आणि म्हशी. उतरून पुन्हा वीस मिनिटं चालत. पहिल्याच दिवशी मी घामाघूम होऊन त्यांच्या ओसरीवर पोचले. वस्ताद वाटीतल्या पाण्यात सनईच्या तोंडची पत्ती भिजवत बसले होते. मान वर न करता म्हणाले, "आलात? दम धरा जरा."

मी दम धरला. म्हणजे छाती भरून श्वास घेतला आणि कोंडून उभी राहिले. मनात म्हटलं, हा माणूस वेळ घालवत नाही, सरळ धड्यालाच सुरुवात. एक एक आकडा मोजत गेले. चाळिसाच्या पुढे कानात शिट्ट्या वाजायला लागल्या, पन्नासाला समोरचा गोठा हलायला लागला. तेवढ्यात वस्तादांनी वर बघितलं आणि पत्ती टाकून ओरडले, "आवं बाई, काय झालं? बसा की! दम धरा म्हनलं म्या, च्या येतोय!"

त्यांच्या घरातून हसण्याचा जो आवाज आला तो मी आजही विसरलेले नाही. चहात साखर इतकी होती की चमचा उभा राहावा. तो चहा मी खाली मान घालून प्यायले.

खरा धडा साधा होता, म्हणजे ऐकायला. छातीतली हवा संपायच्या आधी थोडी गालात भरून ठेवायची. मग गाल दाबून ती बाहेर सोडायची, आणि ती सुटत असतानाच नाकानं नवी हवा छातीत ओढायची. तोंडानं बाहेर, नाकानं आत, एकाच वेळी. "ल्हान पोर दूध पितंय तसं," वस्ताद म्हणाले. "पोराला कुनी शिकवलं न्हाई." मला ते फार लागलं. जन्मतः येत होतं ते मी विसरले होते आणि आता अर्धं पुणं ओलांडून परत शिकायला जात होते.

पहिला अभ्यास पाण्याचा. तोंडात पाणी भरायचं, गाल फुगवायचे, ओठांतून बारीक धार सोडायची आणि धार चालू असताना नाकानं श्वास घ्यायचा. रोज सकाळी बेसिनशी मी हे करत असे. पाणी नाकात जायचं, कानात जायचं, मला वाटतं मेंदूतही जायचं. ठसका लागला की समोरच्या आरशापासून नवऱ्याच्या दाढीच्या ब्रशापर्यंत सगळं न्हाऊन निघायचं. तो बाहेरून विचारायचा, "वॉशर गेलाय का गं?" मामंजी खुर्चीतून म्हणायचे, "सारसबागेत कारंज्याची जागा रिकामी आहे म्हणतात. अर्ज कर, सूनबाई."

दुसरा अभ्यास पपईच्या पानाच्या पोकळ देठाचा. वस्तादांच्या बांधावर पपया होत्या, तिथून ते मला जुडी बांधून देत. पेलाभर पाण्यात देठ बुडवून फुंकायचं आणि बुडबुडे थांबू द्यायचे नाहीत. ती जुडी मांडीवर घेऊन मी बसमधून यायचे. "ही कुठली भाजी?" असं किमान पाच बायकांनी विचारलं असेल. एकीला मी वैतागून सांगितलं, दम्यावर चांगली असते. तिनं दोन देठ मागून घेतले.

आणि तिसरा अभ्यास गालांचा. गालात हवा धरून ठेवायची सवय लागली पाहिजे, असं वस्तादांचं म्हणणं. मी म्हटलं, घरी वेळ मिळत नाही, ऑफिसात करीन. फायली वाचताना तोंड रिकामंच असतं. मी गाल फुगवून फायली वाचायला लागले.

आता मराठी माणसाला गाल फुगवून बसलेली बाई दिसली की त्याचा एकच अर्थ होतो. पहिल्या दिवशी शेजारच्या टेबलावरच्या बाईंनी लवंगेचं तेल दिलं, कारण त्यांचा दाढेचा समज झाला. दाढ नाही म्हटल्यावर त्या समजूतदारपणे म्हणाल्या, "मग घरचं का काही?" चौथ्या दिवशी साहेबांनी बोलावलं. मी रजेचा अर्ज दिला होता आणि त्यांनी तो नामंजूर केला होता, हे मी विसरूनही गेले होते. ते म्हणाले, "अहो, एवढं मनाला लावून घेऊ नका," आणि माझ्यासमोर सही करून रजा मंजूर केली.

घरी त्याहून पंचाईत. पोळ्या लाटताना मी गाल फुगवून असायचे आणि नवऱ्यानं काही विचारलं तर हवा सुटू नये म्हणून नुसती मान हलवायचे. आठवडाभर त्यानं हे सोसलं. मग एका संध्याकाळी भेळ आणि गजरा घेऊन आला आणि म्हणाला, "काय चुकलं माझं, ते तरी सांग." माझ्या तोंडात हवा होती, मी बोलले नाही. तेव्हा त्यानं न झालेलं भांडण मिटवण्यासाठी मी न विचारलेल्या तीन गोष्टी आपण होऊन कबूल केल्या. त्यातल्या तिसरीवरून मग खरंच भांडण झालं.

वर्ष गेलं. पाणी जमलं, देठ जमला. वस्तादांनी हातात दिलेली नुसती सनईची पत्तीसुद्धा मी सलग वाजवायला लागले. आणि बासरी ओठांना लावली की सगळं मुसळ केरात. गालातली हवा फुस्सकन निघून जायची आणि नाकानं श्वास घ्यायच्या आत सूर मेलेला असायचा. मी रडकुंडीला यायचे. एका रविवारी बासरी ओसरीवर आपटली, बांबू होता म्हणून वाचली.

वस्तादांनी ती उचलून तिच्या भोकाकडे एक डोळा मिटून बघितलं. "सनईला पत्ती हाय," ते म्हणाले. "ती हवेला आडवी येती, आडवून धरती. म्हनून थोड्या हवेत भागतं. ह्या तुमच्या बासरीला आडवं यायला कोनच न्हाई. सासर न्हाई, सासू न्हाई. हवा आली का चालली."

"मग मी काय करू?"

"तुमीच आडवं व्हा. व्हट बारीक करा. आन् वरडू नका, हवा वाया जाती."

अजून एक वर्ष गेलं. खोटं कशाला बोलू, त्या वर्षात मी तीनदा सोडलं आणि तीनदा परत धरलं. ओठ इतके बारीक करायला शिकले की नवरा म्हणायचा, चेहरा कायमचा आंबट झालाय. सुरात नाकाच्या श्वासाचा हुंदका यायचा तो कमी होत गेला. एके दिवशी घरात कोणी नसताना पंचम लावला आणि घड्याळाकडे बघत बसले. काटा एक फेरी फिरला, दुसरी फिरला, सूर चालूच. माझ्या डोळ्यांतून पाणी आलं ते श्वासामुळे की कशामुळे, ठाऊक नाही. मी बासरी खाली ठेवली आणि पहिला विचार आला तो हाच, की आता बघू मामंजी काय म्हणतात.

दुसऱ्या दिवशी साडेसहाला मी चहासुद्धा केला नाही. मामंजी खुर्चीत बसले, डोळे मिटले. त्या दोन वर्षांत ते बरेच वाळले होते, पण मी तेव्हा स्वतःच्या गालांपलीकडे काही बघत नव्हते. यमन सुरू केला. षड्ज धरला आणि सूर तुटू दिलाच नाही. त्यावरून निषादावर गेले, गांधारावर आले, तीव्र मध्यमाला वळसा घातला. कुठे श्वास नाही, कुठे खाच नाही. स्टेशनं मागे पडत होती आणि गाडी थांबत नव्हती. मी डोळे मिटून घेतले. आता म्हणतील, असं प्रत्येक सुराला वाटत होतं.

तेवढ्यात खुर्ची करकरली. मी डोळे उघडले. मामंजी पुढे वाकले होते, दोन्ही हात खुर्चीच्या दांड्यांवर, खांदे कानांपर्यंत चढलेले आणि ओठ काळेनिळे. मी बासरी टाकून त्यांचा दम्याचा पंप आणायला धावले. तो त्यांच्या तोंडात धरून दोनदा दाबला. नवरा आतून पळत आला. पाच-सात मिनिटं घरात फक्त त्यांच्या छातीतला घरघर आवाज होता, आणि मी देवाला काय काय कबूल केलं ते देवालाच माहीत.

हळूहळू खांदे खाली आले. पाणी प्यायले. नवरा डॉक्टरांना फोन करायला खालच्या मजल्यावर गेला. मामंजींनी माझ्याकडे बघितलं. बोलायला लागले ते दोन दोन शब्दांत.

"सूनबाई, श्वास चोरायचा... तो स्वतःचा. माझा... कशाला चोरलास?"

मला काही कळलं नाही. ते थांबले, पुन्हा हवा घेतली आणि म्हणाले, "गाणारा श्वास घेतो... तेव्हाच ऐकणारा घेतो. पन्नास वर्षांची... सवय आहे. तू घेतेस का, बघत होतो. तू घेईनास. मग मी कुठे घेऊ?"

मी स्वयंपाकघरात गेले आणि कुकरचं झाकण ओट्यावर आपटलं. मला रडू येत होतं आणि संतापही येत होता, दोन्ही इतकं एकदम की कुठलं आधी आवरावं ते कळेना. दोन वर्षं! दोन वर्षं रविवारची झोप, नाकात पाणी, मावशींचा फराळ, नवऱ्याच्या कबुल्या. आणि या माणसाला त्याचं काय, तर गुदमरून जीव जायची वेळ. आधी श्वास घेते म्हणून नावं ठेवायची आणि मग घेत नाही म्हणून. मी वरण इतकं घोटलं की ते पिठल्यासारखं झालं. जेवताना मामंजी त्यावर एक अक्षर बोलले नाहीत, आणि त्याची मला सगळ्यात जास्त भीती वाटली.

चार दिवस मी बासरीला हात लावला नाही. मामंजी रोज साडेसहाला खुर्चीत येऊन बसत, सात वाजता उठून आत जात. पाचव्या दिवशी मला ते बघवेना. बासरी घेतली, पण या वेळी डोळे उघडे ठेवून बसले. त्यांच्या छातीकडे बघत. त्यांचा श्वास वर आला की मी घ्यायचा, आणि त्यांना तो पुरेल तेवढंच वाक्य वाजवायचं. पहिल्यांदा फार वाईट वाजलं. मग जमायला लागलं. सुरांची चार पावलं टाकायची, थांबायचं. परत चार. रागाची लांब वळणं तोडून तोडून तुकड्यांत बसवायची, आणि तोडल्यासारखं वाटूही द्यायचं नाही. हे मला कोणी शिकवलं नव्हतं आणि ते नाकानं श्वास घेण्यापेक्षा अवघड होतं.

मामंजींना यातलं काही कळू द्यायचं नाही, एवढं मी ठरवलं होतं. त्यांना कोणी सांभाळून घेतलेलं खपत नसे. जिन्यात हात धरला तर झटकून टाकत. मी त्यांच्यासाठी तोडून वाजवते असं समजलं असतं तर त्यांनी खुर्ची आतल्या खोलीत हलवली असती. तेव्हा काही विचारलं की मी सांगायचे, ऑफिसात काम फार आहे, दमायला होतं. "हं," म्हणायचे. पावसाळा सरला, थंडी आली, आणि त्यांचा श्वास आखूड होत गेला तशी माझी वाक्यंही. चाराची तीन झाली, तिनाची दोन. समोरच्या फ्लॅटमधल्या काकू जिन्यात म्हणाल्या, "पूर्वी किती छान वाजवायचीस! रियाज सुटला का?" मी हो म्हटलं.

विश्रांतवाडीला जाणं मी थांबवलंच होतं. पौषात एका संध्याकाळी वस्ताद स्वतःच घरी आले, मुलीच्या लग्नाची पत्रिका घेऊन. माघातलं लग्न होतं. सोफ्याच्या कडेवर अवघडून बसले. मामंजींनी त्यांना नमस्कार केला आणि म्हणाले, "तुम्हीच का ते? आमचं बेसिन तुम्हाला ओळखतं." वस्तादांना ते कळलं नाही, पण ते हसले. साडेसहा वाजून गेले होते. मामंजी म्हणाले, "सूनबाई, वाजव. पाहुणे आहेत."

नाही कसं म्हणणार? मी बसले. वाजवायला लागले, तशीच, दोन पावलं आणि श्वास, दोन पावलं आणि श्वास. वस्तादांचं तोंड उतरत गेलेलं मला दिसत होतं. पाचेक मिनिटांनी त्यांना राहवलं नाही.

"बाई, ह्ये काय?" ते म्हणाले. "दोन साल घासली मी तुमच्यावर. येवढा दम कमावला, कुटं गेला त्यो?"

मामंजींसमोर काय सांगणार? मी खाली बघून पुन्हा वाजवायला लागले. वस्ताद रागानं मान फिरवून दुसरीकडे बघायला गेले, आणि त्यांची नजर मामंजींच्या छातीवर पडली. तिथेच राहिली. एकदा त्यांनी माझ्याकडे बघितलं, परत तिकडे बघितलं. ज्याची हयात श्वासात गेली त्याला वेळ लागला नाही. मग मोठ्यानं, मामंजींना ऐकू जाईल असं म्हणाले, "ऱ्हाऊ द्या. बाईमानसाचा दम, किती पुरनार! माजंच चुकलं."

त्यांनी माझी बाजू सावरली होती. मी बासरी मांडीवर ठेवली.

मामंजींनी डोळे उघडले. खुर्चीत जरा सरळ झाले, दोन्ही हात दांड्यांवर टेकले आणि श्वास गोळा करायला थोडा वेळ घेतला.

"वस्ताद, तिच्या दमाला... नावं ठेवू नका. तो आहे तितकाच आहे. ती... माझ्या मापानं वाजवते. सहा महिने झाले." पुन्हा थांबले. "असं वाजवणारं... मी दुसरं कोणी ऐकलं नाही."

मग माझ्याकडे वळून म्हणाले, "थांबलीस का? वाजव."

मी बासरी ओठांना लावली. ओठ थरथरत असले की बासरीतून सूर निघत नाही, नुसती हवा जाते. तशी ती बराच वेळ जात राहिली. दोघं ऐकत बसले होते.